शेवटचा डबा गेल्यावर

या हो या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे यावं. लांबून ऐकलं की गोष्टीतली निम्मी गोडी वाटेतच सांडते. आज तुम्हाला एका गाडीची गोष्ट सांगायची आहे. या गाडीला रूळ नाहीत, इंजिन नाही, तिकीट तर नाहीच नाही. पण ती सुटावी म्हणून एका बाईनं देव पाण्यात घातले होते, एका सर्जनची झोप उडाली होती आणि एका बुटक्या सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गोष्ट जरा पोटाच्या खालची आहे. लाज वाटली तर रुमाल तोंडाशी धरा, पण उठून जाऊ नका. ज्या भगवंतानं आपल्याला गळा दिला त्यानंच आतडीही दिली. एकाचं कौतुक करायचं आणि दुसऱ्याचं नाव निघालं की नाक मुरडायचं, हा कुठला न्याय?

तर त्या सिस्टरला सगळं हॉस्पिटल ‘लवंगी’ म्हणायचं. अंगानं एवढीशी. सलाइनची बाटली अडकवायची तर पायाखाली स्टूल घ्यावं लागे. पण जिभेला असा ठसका की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं, तेही हसून हसून. पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात ती इतकी मुरली होती की कुठली खाट कुरकुरते, कुठल्या खिडकीची कडी लागत नाही आणि कुठला डॉक्टर सकाळी घरून भांडून आला आहे, हे ती डोळे मिटून सांगे.

आता त्या वॉर्डाची रीत समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. माणसाचं पोट उघडलं, की आतडी रुसतात. हलत नाहीत, डुलत नाहीत, नुसती पडून राहतात. तोवर माणसाला अन्न नाही, पाण्याचा घोट नाही. नाकातून पोटापर्यंत नळी आणि हाताला सलाइन. आतड्यांचा रुसवा गेला याची खूण एकच, पोटातला वारा सरायला हवा. म्हणून रोज सकाळी डॉक्टर फिरायला आले की राव असो वा रंक, सगळ्यांना प्रश्न एकच. आणि माणसं काय लाजायची! अहो, माणूस एक वेळ खून कबूल करेल, पण बायको, सून आणि अनोळखी नर्स समोर उभ्या असताना हे कबूल करणार नाही. एका भल्या गृहस्थानं तर ‘छे छे, आमच्या घराण्यात तसलं काही नाही’ असं ठणकावून सांगितलं होतं.

तेव्हा लवंगीनं एक शब्द काढला. “काय काका, गाडी सुटली का?”

झालं! माणसांची जीभ मोकळी झाली. कुणी म्हणे, “सिग्नल पडलाय, सिस्टर.” कुणी म्हणे, “नुसती शिट्टी वाजतेय.” आणि खरंच सुटली की वॉर्डमामा, म्हणजे स्ट्रेचर ढकलणारा मिशाळ माणूस, ज्याला डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे मामाच म्हणत, तो दारातून आरोळी द्यायचा, “गाडी सुटली होऽऽ!” मग सगळा वॉर्ड हसायचा. हसताना टाके ताणतात म्हणून प्रत्येकाला पोटाशी धरायला एक छोटी उशी दिलेली असे. मामांची आरोळी आली की खाटांवरून ओळीनं उशा पोटाशी जायच्या आणि मगच हसू फुटायचं. बघण्यासारखं दृश्य असे ते.

असा सगळा आनंदीआनंद चालला होता. आणि मग मास्तर आले.

मास्तरांच्या आतड्याला पीळ पडला होता. तातडीनं ऑपरेशन झालं, खराब झालेला तुकडा काढून आतडं जोडलं. वय झालेलं, छाती आधीच नाजूक, पण ताठा असा की मागून बंद बांधायच्या त्या हॉस्पिटलच्या झग्यातही ते कोट घातल्यासारखे दिसत. त्यांची बायको, काकू, खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राही. बोलायचं झालं तर नवऱ्याला ‘मास्तर’च म्हणायची. “मास्तरांना उजेड सहन होत नाही.” “मास्तरांचा चष्मा तिथे ठेवू नका.” लवंगी सुट्टीवरून परतली त्या सकाळी तिनं एवढंच ऐकलं आणि मनात पक्कं केलं, शाळामास्तर दिसतात, छडीवाले.

ती खाटेशी गेली. काकू तोंड धुवायला गेल्या होत्या. मास्तरांचे डोळे अर्धे उघडे, दुखणं थांबवायच्या सुईची गुंगी अजून उतरली नव्हती.

“काय मास्तर,” लवंगीनं नेहमीच्या सुरात विचारलं, “गाडी सुटली का?”

मास्तरांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आवाज खोल गेलेला, पण उत्तर खणखणीत. “सुटली. वेळेवर.”

“वेळेवर! वा मास्तर, असे पेशंट भेटायला पुण्याई लागते!”

सर्जन आले, तेव्हा तिनं आनंदानं सांगितलं. सर्जन म्हणजे हळू बोलणारा, सडपातळ माणूस. त्यांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला, त्यांनाही बारीकशी गुरगुर ऐकू आल्यासारखी वाटली. “छान. नळी काढू. घोट घोट पाणी सुरू करा.”

संध्याकाळ होईतो मास्तरांचं पोट नगाऱ्यासारखं टम्म फुगलं. मग उलट्या सुरू झाल्या, हिरव्या, थांबता थांबेनात. धावपळ झाली. नाकातून पुन्हा नळी घालावी लागली आणि ती घालताना त्या ताठ माणसाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

सर्जननी कपाळाला आठ्या घालून विचारलं, “सकाळी वारा सरला होता ना?”

“कुठला वारा?” काकू म्हणाल्या. “कुणी सांगितलं?”

“मी विचारलं ना,” लवंगी म्हणाली. “गाडी सुटली का म्हणून. तर म्हणाले, सुटली, वेळेवर.”

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. “अहो बाई, ते स्टेशनमास्तर होते! सुई दिल्यापासून गाड्याच सोडतायत. पहाटे मला म्हणाले, ‘बाजूला हो, मालगाडी न थांबता जाणार आहे.’”

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते लवंगीला तेव्हा कळलं. तिनं गपगुमान खाटेजवळची भांडी उचलली आणि शेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीत आली. मामा तिथेच होते. त्यांनी तिचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “सिस्टर, गाडी सुटली खरी. पण आपल्या लाइनवरची नव्हे.”

आणि लवंगीला हसू फुटलं. आता तुम्हाला म्हणून सांगतो, ते आनंदाचं हसू नव्हतं. हातपाय गार पडले की कधीकधी तोंडातून असलंच काहीतरी बाहेर पडतं. हॉस्पिटलातल्या माणसांना हे हसू ठाऊक असतं. ते नसतं तर बिचाऱ्यांनी रोज उठून कामावर यायचं कशाच्या जोरावर? पण मधली भिंत प्लायवुडची. भिंतीपलीकडच्या माणसाला कारण ऐकू येत नाही, नुसतं हसू ऐकू येतं.

दारात काकू उभ्या होत्या. हातात उलटीचं भांडं.

“माझा माणूस तिकडे तडफडतोय,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्हाला इथे दात काढायला सुचतायत?”

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. भांडं ओट्यावर ठेवलं आणि गेल्या.

वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, त्यांनी दोघांना समोर उभं केलं. “मी हसू नका म्हणत नाही. मी स्वतः तीस वर्षं हसूनच काढली. पण कुणाच्या जिवावर हसतो ते आधी बघावं. आजपासून तो शब्द या वॉर्डात नाही. ‘वायू सरला का’ असं नीट विचारायचं. कळलं?”

“कळलं,” मामा मिशीतल्या मिशीत म्हणाले.

सर्जन जाता जाता थांबले. “चूक तुझ्या एकटीची नाही. मलाही आवाज आल्यासारखा वाटला होता.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “पण परवा सकाळपर्यंत आतडं हललं नाही तर पोट पुन्हा उघडून बघावं लागेल. आणि हे वय, ही छाती...” पुढचं त्यांनी गिळून टाकलं.

लवंगी घरी गेली. सासूबाई दिव्याखाली बसून सदऱ्याला गुंडी लावत होत्या. सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण कान तिखट.

“आज दार न आपटता आलीस,” त्या म्हणाल्या. “कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. माझी जीभ गेली.” आणि मग लवंगीनं सगळं सांगितलं, दोरा ओवून देता देता. शेवटी म्हणाली, “उद्यापासून तोंडाला कुलूप. थट्टा म्हणून करायची नाही कुणाची.”

“तू आणि कुलूप! किल्ली गिळलीस तरी दातांनी उघडशील.” सासूबाईंनी गुंडीला एक टाका घातला. “मला सांग, तू या घरात आलीस तेव्हा पहिले किती दिवस मी तुला हसले होते का?”

“नाही. मला वाटायचं, सासू म्हणजे दगड आहे दगड.”

“अगं, तू नवी, परकं घर, हातापायाला कापरं. तेव्हा मी काही बोलले असते तर ती थट्टा नसती झाली, टोमणा झाला असता. मग एक दिवस तूच म्हणालीस, ‘सासूबाई, तुमच्या घोरण्यानं मांजर घर सोडून गेलं.’ आठवतंय? त्या दिवशी मी मोकळी झाले. तेव्हापासून तुला सोडलंय का मी?”

“एक दिवस नाही!”

“मग? जो खाली असतो ना, पहिली थट्टा त्यानं करायची असते. वरच्यानं वाट बघायची.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “आणि ते मांजर माझ्यामुळे नव्हतं गेलं. तुझ्या आमटीमुळे गेलं.”

दुसऱ्या दिवशी वॉर्डात शिरलं की देवळाचा गाभारा बंद असल्यासारखं वाटे. सगळे हळू बोलत. मामा पाय न वाजवता चालत. आणि पेशंट? ते हादरून गेले. कोपऱ्यातल्या खाटेवर एक ट्रकवाला होता, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेला. त्यानं मामांची बाही धरली. “मामा, खरं सांगा, माझं काही वाईट निघालंय का? सगळे इतके गोड का बोलतायत?”

मोठ्या सिस्टरनी दिलेला शब्द लवंगीनं इमानानं वापरला. “वायू सरला का?”

“सरला म्हणजे?” ट्रकवाला गोंधळला. “गॅस संपला का विचारताय? ते घरी बायको बघते.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी या वाक्यावर लवंगी ओणवी होऊन हसली असती. आज तिनं ओठ चावला आणि पुढे गेली.

मास्तर आता पूर्ण शुद्धीत होते, आणि तेच अवघड होऊन बसलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडलेले. वायू सरला का, उत्तर नाही. पोट दुखतंय का, उत्तर नाही. उठून चार पावलं चाला, चालल्यानं आतडी जागी होतात, असं सर्जन स्वतः सांगून गेले. मास्तरांनी मानही हलवली नाही. नळीतून हिरवट पाणी थेंबथेंब पिशवीत पडत होतं आणि माणूस मिटून गेला होता.

“समाधान झालं का तुमचं?” काकू लवंगीकडे न बघता म्हणाल्या. “काय घडलं ते कळल्यापासून एकच घोकतायत, ‘उभी गाडी मी सुटली म्हणून कळवली.’ अहो, उभ्या नोकरीत या माणसानं चुकीचा सिग्नल दिला नाही. लोक त्यांच्या स्टेशनावर घड्याळं लावायचे. आणि आता कुणी काही विचारलं की भिंतीकडे वळतात. म्हणतात, माझ्या सांगण्याचा काय भरवसा?”

लवंगी जागच्या जागी थबकली. तिला वाटलं होतं, म्हातारा रागावलाय. म्हातारा रागावला नव्हता. म्हातारा शरमला होता, आणि ती शरम वाऱ्याची नव्हती.

तिनं स्टूल ओढलं. सलाइनसाठी चढायचं ते स्टूल; आज त्याच्यावर बसली. उभी राहण्यापेक्षा बसली की तिचं डोकं मास्तरांच्या उशीच्या बरोबरीला यायचं.

“मास्तर,” ती म्हणाली. सुरात ठसका नाही, साखर नाही. “मला एक खरंच माहीत नाही म्हणून विचारते. स्टेशनात गाडी सुटली असं कधी म्हणायचं? चाक हललं की?”

नळीतून थेंब पडत राहिले. काकूंनी तोंड उघडलं, बहुधा ‘पुरे’ म्हणायला. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, नळीमुळे घोगरा.

“चाक हलून काय होतं? हललेली गाडी थांबते. शेवटचा डबा समोरून जाऊ द्यायचा. त्याच्या मागचा दिवा डोळ्यांनी बघायचा. मग पुढच्या स्टेशनाला कळवायचं.”

“का?”

“का म्हणजे? एखादा डबा मागे तुटून राहिला असला तर? मागून दुसरी गाडी येतेय!”

“म्हणजे चूक माझीच,” लवंगी म्हणाली. “मी शेवटचा डबा न बघताच पुढच्या स्टेशनाला कळवलं.”

“सुटली म्हणालो मी.”

“तुम्ही सुईच्या गुंगीत होता. तुमच्या स्टेशनात गुंगीतल्या माणसाचं कुणी ऐकलं असतं?”

मास्तरांनी मान वळवली. पहिल्यांदाच. गालावर उशीच्या सुरकुत्या, पण नजर एकदम कामावरची. “त्या वेळी ड्युटीवर कोण होतं?”

“मी.”

“मग जबाबदारी ड्युटीवरच्या माणसाची.”

“हो.”

“नियम आहे.”

“हो, मास्तर. आणि तुमचे हाल झाले, त्याची क्षमा मागते. तुमची आणि काकूंची. काल मी हसले तेही चुकलं.”

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. पण मास्तरांच्या छातीवरचा कसला तरी दगड उतरला होता हे लवंगीला दिसलं. खांदे उशीवर सैल पडले. ते तिला नीट निरखून बघत होते, पायापासून डोक्यापर्यंत, आणि तिच्या बाबतीत ते अंतर काही फार नव्हतं.

“तुम्हाला मेमो द्यायला हवा,” ते गंभीरपणे म्हणाले.

“द्या.”

“हात थरथरतोय. तोंडी देतो.” आणि वर म्हणाले, “लेखी द्यायचा तर बोर्डावर लावावा लागेल, अक्षर मोठं काढावं लागेल. तुमच्या उंचीला वाचता यायला हवं.”

लवंगीच्या पोटातून हसू उसळलं. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पहिली आली हो! खालच्याकडून आली! तरी तिनं अजून वाट पाहिली, नुसती मान झुकवली. “मान्य. पण मेमो द्यायला ऑफिसात चालत यावं लागेल ना तुम्हाला? प्लॅटफॉर्म बाहेरच आहे.”

मास्तरांनी दाराबाहेरच्या व्हरांड्याकडे पाहिलं. “लांब आहे?”

“तुमच्या स्टेशनाएवढा नसेल.”

“आमचं स्टेशन लहान होतं,” मास्तर म्हणाले. “उठवा मला.”

आणि निघाली हो स्वारी! पोटाशी उशी धरून मास्तर, शेजारी सलाइनचा दांडा ढकलत लवंगी. दांड्याचं एक चाक असं किंचाळायचं की खाटाखाटांवरून माना वळल्या. “चाकाला तेल नाही,” मास्तर करवादले. “डेपोला कळवा.” लघवीची पिशवी धरून मागे काकू. त्यांच्याकडे वळून मास्तर म्हणाले, “गार्ड मागे लागतोच. अहो गार्ड, सुटू द्या, दाबून धरू नका.”

“चला गुपचूप!” काकू फिस्कारल्या. पण पिशवी धरलेला त्यांचा हात हलत होता, आणि तो रागानं हलत नव्हता.

दिवसभरात मास्तर पुन्हा पुन्हा उठले. चाल धीमी, पण ताठ. मामांनी कुठूनसं तेल आणून चाकात घातलं. तरी पोट फुगलेलंच, आणि ज्याची वाट होती ते काही आलं नाही. संध्याकाळी सर्जननी पोट दाबून बघितलं. उद्या सकाळी ऑपरेशन थिएटर तयार ठेवा, एवढंच मोठ्या सिस्टरना सांगितलं. काकूंनी ते ऐकलं आणि पदराआड हात जोडले ते सोडलेच नाहीत.

उजाडलं. लवंगी कामावर आली तर दारातच रिकामी ट्रॉली उभी. मास्तरांना न्यायची. तेवढ्यात काकू समोर आल्या. कालपासून सरळ एक शब्द न बोललेल्या काकू.

“हिरवं फडकं मिळेल का? थिएटरात वापरतात तसलं.”

“कशाला हो?”

“मला विचारू नका. त्यांनी मागितलंय. आणि लवकर द्या म्हणालेत.”

लवंगीनं कपाटातून धुतलेलं हिरवं कापड काढून दिलं. ते देताना दोघींची नजर एकमेकींना भिडली, आणि दोघींनीही काही विचारलं नाही. देवाचं नाव मनात घेताना माणूस बोलत नाही.

सर्जन आले. मागे सहायक, मोठ्या सिस्टर, मामा ट्रॉलीचा दांडा धरून. सगळा वॉर्ड उठून बसलेला. सर्जननी मास्तरांच्या पोटावर हात ठेवला. जरा थांबले. पुन्हा ठेवला. “मऊ लागतंय कालच्यापेक्षा,” ते स्वतःशीच म्हणाले. “मास्तर, आपण असं करू...”

“थांबा!”

मास्तरांनी अंगावरच्या लाल ब्लँकेटचं टोक उचलून हवेत धरलं होतं. लाल बावटा. सर्जनचा हात जिथल्या तिथे राहिला. सर्जन असला म्हणून काय झालं, लाल बावट्यापुढे सगळ्यांची इंजिनं सारखीच.

मास्तरांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. आणि मग, मंडळी, आधी आली गुरगुर. लांबच्या डोंगरापलीकडून गाडी यावी तशी. मग ती जवळ आली. मग एक बारीक, लांब शिट्टी. आणि मग! काय सांगावं, धडधडत, खडखडत, पुलावरून जावी तशी ती गाडी निघाली. खाटेच्या लोखंडी पट्ट्यांनीसुद्धा साथ दिली म्हणतात.

“झा...” सर्जननी तोंड उघडलं.

मास्तरांनी दुसरा हात वर केला. “अजून नाही. शेवटचा डबा यायचाय.”

सगळे श्वास धरून उभे. काकूंनी डोळे मिटले. ट्रकवाल्यानं तर आपल्या पोटावरची उशी घट्ट आवळली, जणू त्याच्याच घरचं कार्य. आणि आला. अगदी शेवटी, एकटा, छोटासा, लाजरा. पुक्.

मास्तरांनी लाल टोक खाली ठेवलं. उशाखालून हिरवं कापड काढलं, ताठ हातानं वर धरलं आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गाडी सुटली. शेवटचा डबा मी स्वतः पाहिला. पुढच्या स्टेशनाला कळवा.”

“आम्हीपण ऐकला!” ट्रकवाला ओरडला.

मग काय विचारता! खाटांच्या दोन्ही ओळींतून उशा एकदम पोटाशी गेल्या आणि जे हसू उसळलं, ते व्हरांड्यातून जिन्यापर्यंत गेलं. ‘आई गं, टाके!’ म्हणत माणसं हसत होती. सहायक डॉक्टर भिंतीला टेकला. मोठ्या सिस्टर खिडकीकडे पाठ... नव्हे, सगळ्यांकडे पाठ आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, पण टोपी गदागदा हलत होती. मामांनी ट्रॉली वळवली आणि मिशा पिळत आरोळी दिली, “रिकामी गाडी यार्डात चालली होऽऽ!”

सर्जननी स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं. मान वर केली तेव्हा डोळे चमकत होते. “बाजारपेठ भरलीय आत. ऑपरेशन रद्द.” मग अगदी हळू आवाजात, “मास्तर, ही पॅसेंजर झाली. मालगाडी?”

“मागच्या स्टेशनातून निघालीय, साहेब. लाइन मोकळी ठेवा.”

आणि लवंगी? तिला हसू आलं नाही. ती आपल्या स्टुलावर मटकन बसली होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. काकूंनी तिला पाहिलं. आल्या, आणि तिच्या खांद्यावर चापट मारली, चांगली सणसणीत.

“हसायचं नाही तेव्हा दात काढता, आणि हसायचं तेव्हा रडता? हसा की बाई! तुमच्या स्टेशनाला कळवलंय ना त्यांनी!”

तेव्हा लवंगी हसली. काकू हसल्या. एकमेकींना धरून इतक्या हसल्या की त्यांनाच उशा द्याव्या लागल्या.

दुपारी मास्तरांची नळी निघाली. पाणी पोटात ठरलं, मग पेजही ठरली. मालगाडी आली तीही वेळेवर, आणि तिचा जयजयकार कसा झाला ते मी सांगत नाही, तुम्ही समजून घ्या. घरी जायच्या दिवशी मास्तरांनी स्वतःचा सदरा घातला, केस चापून बसवले आणि व्हरांडाभर स्वतःच्या पायांनी चालत गेले. मामा हिरवं फडकं घेऊन पुढे, काकू मागे. दाराशी थांबून मास्तर लवंगीला म्हणाले, “तुमचा मेमो रद्द केलाय. काम समाधानकारक.”

त्या शब्दाचं पुढे काय झालं, हेही विचाराल. लवंगीनं मोठ्या सिस्टरना विचारलंच, “मग बंदी उठली का?”

“अर्धी,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “आधी खाटेवरच्यानं म्हणायचं. मग तुम्ही.”

तशीच रीत पडली. नवा माणूस आला की लवंगी स्टुलावर बसते, साध्या शब्दांत विचारते आणि वाट बघते. कुणाचं हसू पहिल्याच दिवशी येतं, कुणाचं घरी जाताना, कुणाचं येतच नाही, त्यालाही ती तितक्याच मायेनं पाणी देते. पण शेजारच्या खाटेवरून कुणीतरी शिकवलेलं असतंच. मग एखादा सकाळी लाजत लाजत म्हणतो, “सिस्टर... ती गाडी...” आणि सगळा वॉर्ड उशीला हात घालतो.

तर मंडळी, आता उठा, घरोघरी जा. उद्या सकाळी तुमचीही गाडी आपसूक सुटेल, शिट्टी वाजवत, कुणाला न विचारता. त्या वेळी हसा, जरूर हसा. पण एक क्षण त्याची आठवण काढा, जो कुठल्यातरी वॉर्डात नाकात नळी घालून भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि ज्याची गाडी अजून स्टेशनातच उभी आहे. त्याच्यासाठी मनातल्या मनात एक हिरवा बावटा तेवढा धरा.